खळ लावलेला बालभीम

सोलापूरहून परत आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. लुगडे आणले का, आणि नंबर आला का. या दोन्हींचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. ज्यांना सोलापूर कसे आहे ते जाणून घ्यायचे असेल त्यांनी हे वाचावे. ज्यांना दुसऱ्याची फजिती वाचायला आवडते त्यांनी तर जरूर वाचावे, कारण सोलापूर यात थोडे आहे आणि फजिती पुष्कळ आहे.

आधी माझी ओळख करून देतो. मी चिपळूणचा. माझी उंची चार फूट सहा इंच, मोजणारा दयाळू असला तर साडेसहा. छाती फुगवली की बेचाळीस इंच भरते. म्हणजे उभ्याच्या मानाने मी आडवा बराच आहे. गेली बारा वर्षे शरीर कमावणे आणि ते लोकांना दाखवणे हाच माझा धंदा. जत्रा, शाळांची संमेलने, संस्थानिकांचे वाढदिवस, एकदा तर सर्कशीचा तंबूसुद्धा. बोलावतील तिथे लंगोट लावून उभा राहतो. हस्तपत्रकांवर माझे नाव ‘कोकणचा बालभीम’ असे छापतात. पस्तीस वर्षांचा झालो, दोन मुली आहेत, डोक्यावरचे केस मागे सरकू लागले आहेत, तरी मी अजून बालच आहे.

स्पर्धांचीही तीच तऱ्हा. आजवर अकरा स्पर्धांत उतरलो. अकराही ठिकाणी मला बक्षीस मिळाले आणि नंबर एकाही ठिकाणी मिळाला नाही. पंच आधी उंच माणसांना पहिला, दुसरा, तिसरा वाटून देतात, मग माझ्याकडे बघतात, एकमेकांकडे बघून हसतात आणि ‘विशेष पारितोषिक’ जाहीर करतात. टाळ्या मात्र सर्वांत जास्त मला पडतात. एका संस्थानात राणीसाहेबांनी विशेष पारितोषिक म्हणून मला लाकडी घोडा दिला. तो माझ्या धाकटीला फार आवडला. मला तो घरात दिसला की अजून राग येतो.

हा राग गिळून मी आणखी बारा वर्षे काढली असती, पण आमच्या गावच्या हायस्कुलात ड्रिल मास्तरची जागा निघाली. कायमची नोकरी, घरच्या घरी, आणि लंगोटाऐवजी अंगभर कपडे. हेडमास्तर माझ्या बाजूचे होते. शाळा समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब वकील मात्र म्हणाले, की ज्याला मागच्या रांगेतली पोरे दिसत नाहीत तो त्यांना ड्रिल काय शिकवणार. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, एखाद्या स्पर्धेतून पहिला नंबर आण. सर्टिफिकिटावर ‘विशेष’ हा शब्द नको. मग भाऊसाहेबांना बोलायला जागा उरणार नाही.

त्याच आठवड्यात सोलापूरच्या एका तालमीच्या चिटणिसांचे पत्र आले. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती. बाहेरगावच्या स्पर्धकांची सोय विणकरांच्या घरी केली जाईल. जेवण, अंघोळीचे पाणी आणि अंगाला लावायचे तेल घरमालक पुरवील, असे त्यात लिहिले होते. ते वाचून माझ्या बायकोने ट्रंकेतली खोबरेल तेलाची बाटली काढून फडताळात ठेवली. म्हणाली, “बारा वर्षं घरातलं तेल तुमच्या दंडांना गेलं. या खेपेस नंबर आणा, नाहीतर इथून पुढे ते डोक्याला लावा, निदान केस तरी राहतील.” आणि येताना सोलापुरी लुगडे आणायचे, हे तिने दारातून दोनदा सांगितले.

मिरज ते कुर्डुवाडी

घाट चढून कऱ्हाडला येईपर्यंत मोटारीत जे झाले ते सांगत नाही. जे झाले ते पोटात झाले आणि बाहेर आले. मिरजेला गाडी बदलली आणि मला माझ्या मापाची गाडी भेटली. कुर्डुवाडीपर्यंत जाणारी ही गाडी लहान रुळांवरची. डबा लहान, बाके लहान, दारही लहान. तिकीट तपासनिसाने माझ्याकडे अर्धे तिकीट असेल अशा समजुतीने हात पुढे केला, तेव्हा मी त्याला आधी मिशा दाखवल्या आणि मग पुरे तिकीट. एवढे सोडले तर त्या डब्यात मी राजासारखा ताठ उभा होतो. बाकीची माणसे वाकून चढत होती आणि वाकून उतरत होती.

पंढरपूरला एक धिप्पाड माणूस आत आला. आला म्हणजे घडी घालून शिरला. गुडघे छातीशी घेऊन तो माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या पिंढऱ्या पाहून मी आपले पाय बाकाखाली घेतले. हा स्पर्धेला चालला आहे हे मी ओळखले. मी कशाला चाललो आहे हे त्याने ओळखले नाही.

नाव बापू, गाव नातेपुते. घरची शेती, गावच्या तालमीत कुस्ती. त्याने भाकरी आणि ठेचा सोडला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि मी जत्रेला निघालोय का ते विचारले. मी म्हणालो, स्पर्धेला.

“बघाया व्हय?”

“उतरायला.”

तो थोडा वेळ चावायचा थांबला. मग उरलेली अर्धी भाकरीही त्याने माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “मग खावा की नीट. उद्या ताकद लागंल.” मला चिडायचे होते, पण ठेचा तोंडात होता आणि डोळ्यांतून पाणी येत होते, त्यामुळे ते तसेच राहून गेले.

कुर्डुवाडीला आम्ही मोठ्या गाडीत बसलो. तिथे बापू ताठ झाला आणि मला बाकावर चढायला त्याने हात दिला. बाहेर सपाट काळी जमीन आणि ज्वारीची ताटे. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला नाहीतर माडाला अडते. इथे तिला अडवायला काहीच नव्हते, आणि एवढे आभाळ एकदम पाहायची सवय नसल्याने मला घेरी आल्यासारखे झाले. मोहोळला एका म्हाताऱ्याने फडक्यात बांधलेला गरम हुरडा आत आणला आणि डबाभर वाटला. ओळखदेख नसताना असे वाटणे आमच्याकडे होत नाही. आमच्याकडे फणस पिकला तर आधी दार लावतात.

सोलापूर, मल्लय्यांचे घर

स्टेशनावरून टांग्याने साखर पेठेत आलो. वाटेत गिरण्यांची धुराडी दिसली, भोंगा वाजला तसा रस्ता माणसांनी भरून गेला. जत्रेसाठी नंदीध्वज निघायचे होते. दोन-तीन पुरुष उंचीच्या त्या मानाच्या काठ्या एकेक माणूस कमरेला पट्टा बांधून तोलून नेतो म्हणे. उंचीचा एवढा मान करणाऱ्या गावात आपला नंबर कसा लागायचा, हा विचार मनात आलाच.

माझे घरमालक मल्लय्या. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आलेले, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मी दारात उभा राहिलो तेव्हा ते खड्डामागावर बसले होते. हा माग जमिनीत खड्डा करून बसवतात. विणकर कडेला बसतो आणि पाय खड्ड्यात पायट्यांवर, म्हणजे माग चालवायच्या फळ्यांवर ठेवतो. मी त्यांच्यासमोर गेलो तर आमची तोंडे अगदी समोरासमोर आली. मान न वाकवता त्यांनी माझ्याशी पाच मिनिटे गोष्टी केल्या, प्रवास विचारला, चिपळूणला पाऊस किती पडतो ते विचारले. असे माझ्याशी कोणी बोलत नाही. मोठी माणसे माझ्याशी बोलताना एकतर वाकतात, नाहीतर माझ्या डोक्यावरून बोलतात. त्या पाच मिनिटांत मला मल्लय्या फार आवडले. ते उठून उभे राहिले तेव्हा कळले की तेही चांगले उंच आहेत, आणि मला फसवल्यासारखे वाटले.

त्यांच्या पत्नी नरसम्मा. त्यांनी ताट वाढले. पापडासारखी कडक भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी. आमच्याकडे ताटात असे कोरडे काही दिसले की ते खोबरे असते आणि ते मूठभर खायचे असते. मी मूठभर खाल्ले. त्यानंतर काही वेळ मी मागीलदारी रांजणाजवळ काढला. नरसम्मा दारात उभ्या राहून हसत होत्या आणि मल्लय्या त्यांना हसू नको म्हणून सांगताना स्वतः हसत होते.

संध्याकाळी गल्ली पाहिली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी घोड्यांवर ताणा, म्हणजे कापडाचे उभे सूत, पसरून ठेवायची जागा होती. मल्लय्या म्हणाले, उद्या पहाटे आमच्या ताण्याला खळ लावायची आहे. ज्वारीच्या पिठाची पेज शिजवून तिच्यात थोडे तेल घालतात, मोठ्या कुंच्याने ती सुतावर फिरवतात, मग सूत ताठ होते आणि मागावर तुटत नाही. त्यासाठी शेजारची चार घरे पहाटे मदतीला येतात. आज यांच्या ताण्याला, उद्या त्यांच्या. हे सगळे मी कौतुकाने ऐकले. इतके नीट ऐकूनही दुसऱ्या दिवशी मी जे केले, त्याला माझ्याजवळ एकच सबब आहे. मी कोकणातला आहे.

स्पर्धेची सकाळ

पहाटे उठलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. घरातली माणसे गल्लीत ताणा पसरत होती. न्हाणीच्या दगडाशेजारी एक मोठे मडके होते. झाकण काढले. आत पांढरट, घट्ट, गार असे काही, वर तेलाची चकाकी. बोट घातले तर बोट तेलकट झाले.

आता कोकणातल्या कोणत्याही माणसाला विचारा. थंडीत घरातले तेल कसे दिसते? पांढरे आणि घट्ट. बाटली चुलीशी धरल्याशिवाय थेंब निघत नाही. तेल थिजले आहे, हे मी एका नजरेत ओळखले. मडकेभर तेल माझ्या एकट्यासाठी ठेवणाऱ्या त्या घराबद्दल माझे मन भरून आले. ते उरून त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ते सढळ हाताने वापरले. छाती, पाठ, दंड, मांड्या, मान, थर दिला. मडक्यात तळाशी बोटभर उरले. थोडा जवसासारखा वास येत होता, पण परगावच्या तेलाला नावे ठेवणे बरे नव्हे असे म्हणून वर सदरा चढवला आणि कोणाला हाक न मारता तालमीकडे निघालो.

तालमीपुढच्या पटांगणात फळ्यांचा मंच होता. ऊन वर आले होते. मुख्य पंच एका गिरणीतले म्हातारे विव्हिंग मास्तर, म्हणजे विणाई खात्याचे प्रमुख. खिशात कापडाचे धागे मोजायचे लहानसे भिंग ठेवणारा, कमी बोलणारा माणूस. चिटणीस तरुण होते, शाळेत शिकवत होते आणि फार उत्साही होते. त्यांनी कर्ण्यातून माझे वर्णन असे केले की स्वतः हनुमान आले असते तरी लाजले असते.

बापूचा क्रम माझ्या आधी होता. करडईचे तेल लावून तो उभा राहिला. काय शरीर होते ते. बघता बघता मी सर्टिफिकिटाचा नाद मनातून सोडूनही दिला होता.

मग मी चढलो. सदरा काढला. उन्हात उभा राहिलो आणि अंग ओढू लागले. आधी वाटले, थंडीने. मग वाटले, भीतीने. मी श्वास भरून छाती फुगवली आणि छातीवर बारीक काहीतरी तडकले. मी दंड वळवला, दंडावर तडे गेले. अंगावरचा तो पांढरा चकचकीत थर उन्हाने वाळून कडक झाला होता आणि प्रत्येक स्नायू हलला की त्याच्या कडेकडेने फुटत होता. मला तेव्हा यातले काही कळले नाही. लोकांना मात्र खालून भलतेच दिसले. माझ्या अंगावरचा एकेक स्नायू रेघ मारून वेगळा काढल्यासारखा दिसत होता. पटांगण एकदम उसळले. एका म्हाताऱ्या पैलवानाने पागोटे हवेत उडवले. मी पाठ दाखवली तेव्हा तर शिट्ट्यांनी कान बसले.

बारा वर्षांत अशी टाळी मला मिळाली नव्हती. ही माझ्या उंचीला पडलेली टाळी नव्हती. मी खाली उतरलो तेव्हा चिटणीस धावत आले आणि कानात म्हणाले, आता फक्त फितीने मापे घ्यायची राहिली आहेत, पहिला तुमचाच धरा.

मधली सुट्टी

मला पाण्याचा पेला दिला. तो मला तोंडाशी नेता येईना. कोपर वळतच नव्हते. मांडी घालून बसावे तर गुडघे वाकेनात. मी भिंतीला टेकून फळीसारखा उभा राहिलो आणि मनात भाऊसाहेब वकिलांसमोर सर्टिफिकीट टाकत होतो, तेवढ्यात गर्दीतून मल्लय्या आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. अंगठ्याच्या नखाने खांद्यावर एक रेघ ओढली. नखाला आलेली पापडी जिभेला लावून पाहिली.

“ही आमची खळ हाय,” ते म्हणाले.

मी काय केले ते मला तेव्हा कळले. गल्लीत ताणा पसरलेला होता, चार घरांची माणसे पहाटेपासून खोळंबली होती आणि खळ माझ्या अंगावर होती. मी दिलगिरी व्यक्त करू लागलो. मल्लय्यांनी हात हलवून ते उडवून लावले. खळ दुसरी शिजेल म्हणाले. मग मंचाकडे पाहत त्यांनी अगदी सहज सांगितले, जसे कापडाविषयी रोज सांगत असतील तसे, “बाजारात पातळ कापडाला खळ भरून दाट म्हणून इकत्यात. घेनाऱ्याला लई दाट वाटतं. पैल्या धुन्यात कळतं.”

मला त्यांनी आणखी काही सांगितले नाही. चिटणिसांकडे जा म्हणाले नाहीत, गप्प बसा म्हणाले नाहीत. उत्तर माझे मलाच द्यायचे होते.

इथे मी एखादा उदात्त विचार लिहायला हवा. तो आला नाही. मला आठवली ती जागा, अंगभर कपडे, धाकटीचा लाकडी घोडा. मी मनाशी म्हणालो, फितीला खळ कळत नाही. मापे खरीच भरतील. कोणाचे काय गेले? असा मी चांगला पाव तास भिंतीला टेकून अप्रामाणिक राहिलो. मग पाठीवर खाज सुटली. हात मागे जाईना. खाज मानेवर आली, काखेत गेली, आणि जिथे लोकांसमोर हात नेता येत नाही तिथेही गेली. ज्यांना माझ्या सत्यप्रियतेचे कौतुक वाटते आहे त्यांना सांगतो, निम्मे श्रेय त्या खाजेला आहे.

उरलेले निम्मे असे. माझ्या ट्रंकेत अकरा सर्टिफिकिटे आहेत आणि त्यांतले एकही मी घरात लावलेले नाही. हे बारावे लावता येणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. त्याचे मला फार वाईट वाटले.

मी तशाच लाकडी चालीने विव्हिंग मास्तरांपुढे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी खिशातून भिंग काढले आणि माझ्या दंडावर धरून बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता हाकलतील.

“धुऊन या,” ते म्हणाले. “मग बगू.”

दुसऱ्यांदा मंचावर

चिटणिसांना ते कर्ण्यातून सांगावे लागले, आणि सगळे पटांगण एकदम हसले. त्याच वेळी गर्दी बाजूला सारत नरसम्मा आल्या. त्यांच्या एका हातात रिकामे मडके आणि दुसऱ्या हातात खळ लावायचा तो मोठा कुंचा. त्या खळ नेणाऱ्याला शोधत निघाल्या होत्या. मंचाच्या कोपऱ्यावर पाण्याचे पिंप होते. तिथे मला उभे केले. नरसम्मांनी पाणी ओतले आणि ज्या कुंच्याने सुताला खळ लावतात त्याच कुंच्याने मल्लय्यांनी माझी खळ काढली. थंडगार पाणी, गावभर लोक, आणि मी लंगोटावर. मारुतीच्या मूर्तीलाही शनिवारी शेंदूर लावतात. खरवडून काढत नाहीत.

अंग पुसून उभा राहिलो तर काटा आला होता आणि दात वाजत होते. बापू आपली तेलाची बाटली घेऊन पुढे आला. विव्हिंग मास्तरांनी मान हलवली. तेल नको, कोरडे अंग दाखवा म्हणाले. एकदा खळ लावून आलेल्याला आता काहीच लावू द्यायचे नाही, असा त्यांचा निकाल होता आणि तो बरोबरच होता.

बापू तिथेच उभा राहिला. मग त्याने डोक्याचा फेटा सोडला आणि त्याने स्वतःचे अंग पुसायला सुरुवात केली. चिटणीस त्याला थांबवू लागले, की तुझे दाखवून झाले आहे. बापू म्हणाला, “मग म्या बी पुन्यांदा दावतो. त्येचं कोरडं तर माजं बी कोरडं.” एवढे बोलून त्याने तो तेलकट फेटा खांद्यावर टाकला आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी त्याच्या छातीला लागत होतो. आयुष्यात कोणाशेजारी उभे राहायला मला इतके बरे वाटले नव्हते.

त्या खेपेस शिट्ट्या नव्हत्या. लोक हसलेही नाहीत. नुसते बघत होते. मी बारा वर्षे जे कमावले होते तेवढेच दाखवले. त्याच्यावर काही नव्हते. मग फीत आली. मान, दंड, पिंढरी, छाती. विव्हिंग मास्तर माप वाचताना ते दोनदा वाचत होते, आणि चिटणीस लिहीत होते.

निकाल लागला. पहिला बापू. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आंधळ्या पंचानेही तोच दिला असता. मग चिटणिसांनी कर्णा उचलला, माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, आता सोलापूरकरांचे लाडके बालभीम यांना विशेष… पुढचा शब्द त्यांना बोलता आला नाही, कारण विव्हिंग मास्तरांनी कर्ण्यावर हात ठेवला होता.

“विशेष न्हाय. दुसरा हाय त्यो. तसंच लिवा.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “नाव काय तुमचं?”

बारा वर्षांत पंचाने मला नाव विचारले नव्हते. मला ते चटकन आठवेना. शेवटी सांगितले, सखाराम महादेव. चिटणिसांनी ते टाकाने लिहिले. शाई वाळेपर्यंत मी ते सर्टिफिकीट आडवे धरून उभा होतो आणि मला रडू येत होते. लोकांना वाटले, पहिला हुकला म्हणून.

साखर पेठेतला शेवटचा दिवस

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. पहाटे गल्लीत ताणा पुन्हा पसरला, नवी खळ शिजली, आणि मी कुंचा हातात घेतला. ताण्याची उंची बरोबर माझ्या छातीला येत होती. बाकीची माणसे कंबर मोडून वाकत होती; मी सरळ उभा राहून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होतो. दंडांची ती कसरत शेजाऱ्यांना पसंत पडली. एका म्हातारीने मल्लय्यांना तेलुगूत काही विचारले. मल्लय्यांनी मला अर्थ सांगितला, की याला इथेच ठेवून घ्या म्हणते. नंबर आणि नोकरी यांच्या मागे मी गावोगाव फिरलो, पण आपणहून ठेवून घ्या म्हणणारी ती म्हातारी पहिलीच. निघताना मल्लय्यांनी मला लुगडे दिले नाही. म्हणाले, तुमी खळ लावलेल्या ताण्याचंच इनून पाठवतो.

ते महिन्याने पार्सलाने आले. काठाला रुईफुलीची नक्षी. बायकोने उलगडून पाहिले, एका जागी बोट ठेवून म्हणाली, इथे खळ फार बसलीय, हे तुमच्या हातचं दिसतंय. पहिल्या धुण्यानंतर ते मऊ झाले. आता ती ते सणासुदीला नेसते.

घरी आल्यावर हेडमास्तरांना सर्टिफिकीट दाखवले. त्यांनी वाचले आणि सावकाश घडी नसलेल्या जागी घडी घालून परत दिले. दुसऱ्या नंबरावर आपण भाऊसाहेबांपुढे जाऊ शकत नाही, असे म्हणाले. मला ते अपेक्षित होते. मी ते चौकटीत बसवून घेतले आणि ओसरीवर स्वतः खिळा ठोकला. स्टूल न घेता ठोकला, म्हणजे तो माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आला. आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाला ते वाचायचे तर वाकावे लागते.

सोलापुरात मला धुतले ही बातमी गावभर झाली होतीच. पंधरा दिवसांनी फिरून परत येताना भाऊसाहेब वकील आमच्या ओसरीवर चढले. काय ते सर्टिफिकीट पाहू दे म्हणाले. मी खिळ्याकडे बोट दाखवले. ते वाकले. चष्मा वर केला, आणखी वाकले, नाव वाचले, नंबर वाचला, विव्हिंग मास्तरांची सही वाचली, आणि मग पुष्कळ वेळ तसेच राहिले. मला वाटले, ‘विशेष’ कुठे लपला आहे ते शोधत आहेत. पण त्यांची कंबर धरली होती. त्यांना उठता येत नव्हते.

मी त्यांच्यामागे गेलो. अशा कामाला माझ्यासारखी उंची सोयीची असते. एक हात कमरेला, एक छातीला, गुडघ्याचा टेकू, आणि त्यांना श्वास सोडायला सांगून मी त्यांना हळूहळू सरळ केले. अर्ध्यावर आले तेव्हा भीतीने त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

“सावकाश, मास्तर,” ते म्हणाले. “सोडू नका.”

आतून बायकोने ते ऐकले आणि ती दारात येऊन उभी राहिली. भाऊसाहेबांनाही आपण मला मास्तर म्हणालो हे कळले असावे, कारण पुरे सरळ झाल्यावर ते चष्मा काढून उगाच पुसू लागले. मी त्यांना सोडले मात्र नाही.